परुळेकर आणि रामगढची मोटरबोट

रंगनाथ परुळेकरांनी जयपुरात पहिली थाप मारली ती तोंड न उघडता.

विम्याचा धंदा सरकारनं ताब्यात घेतला, त्यानंतर लवकरच त्यांची पुण्याहून जयपूरला बदली झाली. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत डॉ. श्रीधर आगाशे यांनी त्यांना गाठलं. आगाशे शल्यविशारद होते, गणेशोत्सव मंडळाचे कार्यवाह होते, आणि नवा माणूस दिसला की त्याच्यावर एखादं काम सोपवल्याशिवाय त्यांना प्रसाद गोड लागत नसे.

"मूळचे कुठले?"

"वेंगुर्ल्याचे."

"म्हणजे समुद्राकाठचे. मग होडी वल्हवणं तुमच्या हातचा मळ असणार."

परुळेकर नुसते हसले. एवढंच झालं. पण त्या हसण्याचा अर्थ डॉक्टरांनी स्वतःच्या सोयीनं लावला, आणि परुळेकरांनी तो तसाच लावू दिला.

खरी गोष्ट अशी होती की परुळेकरांचे वडील कोर्टात कारकून होते आणि घर बंदरापासून चांगलं आत, माडांच्या पलीकडं होतं. समुद्र लांबून बघायचा असतो, असं त्यांच्या आईचं ठाम मत होतं. लहानपणी एकदा आगबोटीनं मुंबईला जायचा प्रसंग आला, तेव्हा वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत रंगनाथाचं डोकं बादलीत होतं. पुढं शिक्षणासाठी, नोकरीसाठी जितक्या वेळा देशावर जायची वेळ आली तितक्या वेळा तो बेळगावावरून मोटारीनं गेला. पोहता त्याला येत नव्हतंच.

पण जयपुरात हे ठाऊक असणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे त्यांची पत्नी चारुलता. ती सांगलीची. नवरा चारचौघांत "आमच्याकडं बंदरात काय व्हायचं..." अशी सुरुवात करू लागला की ती साडीच्या पदराशी काहीतरी काम काढायची. ऑफिसातले शेखावत आणि माथुर मात्र कान टवकारून ऐकत. वाळूच्या मुलखात समुद्राच्या गोष्टी सांगणाऱ्याला उलट प्रश्न विचारणारं कोणी नसतं. वर्षा-दोन वर्षांत परुळेकरांनी दोन वादळं पार केली, एक तारू खडकावरून वाचवलं, आणि राजा पार्कातल्या त्यांच्या पंजाबी घरमालकानं पाहुण्यांशी त्यांची ओळख "हमारे कप्तान साहब" अशी करून द्यायला सुरुवात केली.

मुलगी वीणा हिंदी शाळेत जाई. तिनं एकदा जेवताना विचारलं, "बाबा, मतलब तुम्ही छोटे होते तेव्हा रोज नावेत बसायचे?"

"रोज म्हणजे... लागेल तेव्हा," परुळेकर म्हणाले. चारुलतानं त्यांच्या ताटात न मागता भात वाढला.

असं सगळं सुरळीत चाललं असतं. पण जयपूरजवळ रामगढचा तलाव होता, आणि त्या तलावावर ठाकूर दलपतसिंहांची मोटरबोट होती.

ठाकूरसाहेब डूंगरवास नावाच्या एका लहान ठिकाण्याचे, म्हणजे जहागिरीचे, धनी. जहागिऱ्या गेल्यावर त्यांनी घोडे विकले, बग्गी विकली, आणि वडिलांच्या वेळची मोटरबोट मात्र डॉक्टर आगाश्यांच्या नव्या जलविहार मंडळाला भेट देऊन टाकली. मंडळात डॉक्टर, प्राध्यापक, बँकेचे आणि केंद्र सरकारचे बदलीवर आलेले अधिकारी असे लोक होते. त्यांनी कृतज्ञतेनं ठाकूरसाहेबांना मंडळाचे अध्यक्ष केलं, आणि किनाऱ्याचा माणूस म्हणून परुळेकरांना 'नौका-प्रमुख'. परुळेकरांनी हे पद निभावायची युक्ती काढली होती. ते काठावर उभे राहून सूचना देत. कोणी बरोबर चला म्हटलं, की "बोटीवर लक्ष ठेवायचं तर ते काठावरूनच ठेवता येतं," असं म्हणत. हे वाक्य अनेकांना फार खोल वाटे.

बोट लाकडी आणि रुंद होती, आणि तिच्या मागच्या फळीला लटकवलेलं इंजिन विलायती होतं. एकसष्ट सालच्या थंडीत एका रविवारी डॉक्टर आगाशे दिल्लीहून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला घेऊन तलावात गेले. बोट मधोमध पोचली, इंजिनानं काळा धूर सोडला, दोनदा उचकी दिली आणि ते गप्प झालं. पेट्रोल बाहेर गळून अधिकाऱ्याच्या पत्नीच्या काश्मिरी शालीवर गेलं. एका कोळ्यानं आपल्या नावेला दोर बांधून सगळ्यांना काठावर आणलं. अधिकारी काही बोलला नाही. डॉक्टरांच्या मते त्यानं चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या व्हरांड्यात सभा बसली. बिघाड कार्बुरेटरमध्ये आहे, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला पाजणाऱ्या भांड्यात आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुढं मात्र दोन तट पडले.

"बदला," डॉक्टर म्हणाले. "कुजलेल्या अवयवाला मलम लावत बसत नाहीत. नवा कार्बुरेटर मागवा आणि मोकळे व्हा."

ठाकूरसाहेब आरामखुर्चीत सरळ होऊन बसले. ते सहसा बोलत नसत. "डॉक्टरसाहेब, ते इंजिन माझ्या वडिलांनी आणलं. त्याचा एकही भाग बदललेला मला चालणार नाही. खोलून, साफ करून, दुरुस्त करता येत असेल तर करा. लागू द्या वेळ, घाई कसली?"

लगेच प्राध्यापक मंडळी परंपरेच्या बाजूनं बोलू लागली आणि बँकवाले प्रगतीच्या. कार्बुरेटर कसा दिसतो हे दोन्हीकडच्या कोणी पाहिलेलं नव्हतं. शेवटी सगळ्यांच्या माना परुळेकरांकडं वळल्या.

परुळेकरांनाही तो कसा दिसतो हे माहीत नव्हतं. पण ठाकूरसाहेब त्यांच्याकडं इतक्या आशेनं बघत होते, आणि ठाकुरांच्या घरची मंडळी विम्याच्या दृष्टीनं इतकी निरोगी होती, की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडचे खलाशी कार्बुरेटर कधी बदलत नाहीत. दुरुस्त करतात."

हे एका अर्थी खरंच होतं. त्यांच्या लहानपणी वेंगुर्ल्याच्या बंदरात त्यांनी लांबून पाहिलेल्या होड्या शिडाच्या होत्या. त्यांना कार्बुरेटर नव्हता.

"मग तुम्हीच करा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात पराभव होता आणि थोडी खोचही.

दुसऱ्या दिवशी परुळेकर तो कार्बुरेटर जुन्या पंच्यात गुंडाळून घरी घेऊन आले आणि जेवायच्या टेबलावर ठेवला. चारुलतानं पंच्याचा कोपरा उचलून बघितलं.

"आता काय करणार?"

"उघडणार."

"आणि मग?"

"मग बघू."

सुरुवातीला त्यांचा हेतू इतकाच होता की आठ-दहा दिवस काढायचे आणि "फार झिजलंय, बदलावाच लागेल" असं तोंड पाडून सांगायचं. पण स्क्रू सैल झाले, झाकण निघालं, आणि आत एक पितळी पोकळ डबी दिसली. ती पेट्रोलवर तरंगते, वर आली की एक सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करते, खाली गेली की उघडते. परुळेकरांनी ती हलवून पाहिली. आत पेट्रोल खुळखुळलं. डबीला कुठंतरी भोक पडलं होतं, ती भरून बुडाली होती, म्हणून सुई बंदच होत नव्हती आणि पेट्रोल शालीपर्यंत पोचलं होतं.

हे आपल्याला समजलं याचंच त्यांना नवल वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत लोक कशानं मरतात हे त्यांनी पुष्कळ वाचलं होतं, पण एखादी गोष्ट कशानं चालते हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

त्यांनी स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मोटारदुरुस्तीचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. डबी गरम पाण्यात बुडवली तेव्हा भोकातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. ते पातेलं चारुलतानं त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. भोकाला कथलाचा डाग दिला तो जरा जाड झाला, डबी जड होऊन तिरकी तरंगायला लागली, तेव्हा परुळेकर संध्याकाळभर कानस घेऊन डाग घासत बसले. पेट्रोल ज्यांतून फवारतं ती बारीक छिद्रांची जेटं जुन्या पेट्रोलच्या चिकट थरानं बुजली होती, ती भिजवून, फुंकून मोकळी केली. सांध्यांत बसवायची जाड कागदाची गॅस्केटं कात्रीनं कापली. ऑफिसातून ते आता वेळेवर घरी येऊ लागले. बोटांना पेट्रोलचा वास आणि चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं समाधान. चारुलतानं कुरकुर केली ती सवयीनं. एरवी घरात सांगितल्या जाणाऱ्या वादळांपेक्षा तिला हे बरं वाटत होतं.

सगळं पुसून लख्ख करताना, इंजिनाला जोडतात त्या कडेजवळ, त्यांना एक रेष दिसली. केसासारखी बारीक. नखानं पाहिलं तर नख किंचित अडलं.

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की आतले भाग झिजले तर बदलावेत, जेटं बुजली तर साफ करावीत, पण मूळ धडालाच चीर असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. ते धातूचं धड डाग धरत नाही, ताप दिला तर वितळतं. अख्खा कार्बुरेटर बदलावा.

परुळेकरांनी पुस्तक मिटलं. लोक आपले आजार विमा कंपनीपासून कसे लपवतात हे पकडण्यात त्यांचा हात धरणारं राजस्थानात कोणी नव्हतं. पण ती रेष त्यांनी पुन्हा एकदा पाहिली आणि ती साच्यातलीच खूण असावी असं ठरवलं.

"काय झालं?" चारुलतानं विचारलं.

"काही नाही. एक ओरखडा आहे."

"ओरखडा आहे तर सांगून टाका ना त्यांना."

"अगं, आमच्याकडचे खलाशी बदलत नाहीत असं मी सगळ्यांसमोर बोललोय."

"कुठले खलाशी?" ती म्हणाली. परुळेकरांनी झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले.

पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करून डॉक्टरांच्या आवारात चाचणी झाली. दोरी ओढताच ते सुरू झालं आणि पाचेक मिनिटं असं गोड चाललं, की प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर आगाश्यांनी खिलाडूपणे हात पुढं केला. ठाकूरसाहेब तेवढे गप्प होते. कोणी अभिनंदन केलं की, "हो, हो, फारच छान," असं म्हणत आणि मिशी चाचपत.

"आता तलावावर," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या फेरीत दोघंच. ज्यांचं इंजिन ते आणि ज्यांनी वाचवलं ते."

काठावरून लक्ष ठेवण्याचं वाक्य परुळेकरांच्या जिभेवर आलं होतं, पण सगळं मंडळ हारतुरे घेऊन उभं होतं. रविवारी सकाळी ते रामगढला बोटीत चढले ते डोळे मिटून. समोर ठाकूरसाहेब, कडक अचकन, डोक्यावर केशरी साफा, दोन्ही हातांनी बसायची फळी धरलेली. इंजिन सुरू झालं. पाणी आरशासारखं होतं. बादलीची गरज पडली नाही, याचं परुळेकरांना इतकं आश्चर्य वाटलं की क्षणभर ते भ्यायचंही विसरले.

मग इंजिन तापलं, तलावाच्या मध्यावर त्याला धाप लागली, आणि ते बंद पडलं.

काठावरची मंडळी इथून मोहरीएवढी दिसत होती. परुळेकरांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली. मग हात त्या कडेजवळ नेला आणि चटका बसून मागं घेतला. इंजिन गार असताना मिटलेली ती रेष आता उघडली होती आणि तिथून इंजिन फुकटची हवा ओढत होतं. त्यांना हे इतकं लख्ख दिसलं, की लाज वाटायच्या आधी आनंदच झाला.

"काय झालं, परुळेकरजी?"

"धडाला चीर आहे. गार होईपर्यंत थांबावं लागेल. मला आधीच दिसली होती ती." आणि मग, पाण्याच्या मधोमध खोटं बोलण्याइतकं धैर्य न उरल्यामुळं, त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "ठाकूरसाहेब, मला बोटींतलं काही कळत नाही. मी लहानपणी एकदाच आगबोटीत बसलो. मला पोहता येत नाही. आत्ता माझे पाय थरथरताहेत ते तुम्हाला दिसत असतील."

ठाकूरसाहेबांनी त्यांच्या पायांकडं पाहिलं. मग फार सावकाश म्हणाले, "मला वाटलं बोट हलतेय. कारण माझेही थरथरताहेत."



"वडील या बोटीतून इंग्रज पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला न्यायचे," ठाकूरसाहेब पुढं म्हणाले. "मला बरोबर घ्यायचे. मी रडलो की म्हणायचे, डूंगरवासचा ठाकूर पाण्याला भितो हे कुणाला कळता कामा नये. ते गेले, जहागीर गेली, तेव्हा मी ही बोट देऊन टाकली. तर या लोकांनी मला अध्यक्ष केलं."

"मग दुरुस्तीचा एवढा आग्रह?"

"नवा कार्बुरेटर आला असता तर बोट चालली असती," ठाकूरसाहेब म्हणाले. "दुरुस्ती काय, दहा वर्षं चालते. तुम्ही एवढे हुशार निघाल असं वाटलं नव्हतं."

परुळेकर हसले. या वेळी ते खरोखर हसले, आणि ठाकूरसाहेबही हसले, पण जपून, फळी न सोडता. इंजिन गार झाल्यावर पुन्हा सुरू झालं, थोडं चाललं, पुन्हा तापून थांबलं. असं थांबत थांबत ते दोघं काठाला लागले. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, मुद्दाम थांबून देखावा बघताहेत.

मंडळाच्या पुढच्या सभेत परुळेकरांनी उभं राहून सगळं सांगितलं. चीर सांगितली, वेंगुर्ल्याचं घर बंदरापासून किती लांब होतं ते सांगितलं, आगबोटीतली बादलीसुद्धा वगळली नाही. लोकांनी आदरानं ऐकून घेतलं.

"हा खरा दर्यावर्दी," एक प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले. "कसला म्हणून गर्व नाही."

डॉक्टर आगाश्यांनी विजयी मुद्रेनं नवा कार्बुरेटर मागवायचं ठरवलं. मुंबईच्या व्यापाऱ्याचं उत्तर आलं की त्या जातीचं इंजिन बनवणं विलायतेत केव्हाच बंद झालं, आणि दुसऱ्या जातीचा कार्बुरेटर आणायचा तर आयातीचा परवाना लागेल. म्हणजे दुरुस्ती होत नव्हती आणि बदलता येत नव्हतं. बोट काठावर उलटी घालून ठेवली. ठाकूरसाहेबांनी त्या दिवाळीला परुळेकरांच्या घरी घेवर मिठाईची टोपली पाठवली.

परुळेकर सुटले होते. चारुलतानं जेवायचं टेबल स्वच्छ पुसून घेतलं आणि त्यावर नवं कापड घातलं. पण परुळेकर आमटीच्या वाटीत चमचा तरंगतो का ते बघत. रस्त्यानं मोटरसायकल गेली की मान वळवून तिचा आवाज ऐकत. चारुलता म्हणाली, "जीव अडकलाय तुमचा त्यात." त्यांनी नाही म्हटलं नाही.

पुढच्या वसंतात ते विम्याच्या एजंटांना भेटायला जयपूरजवळच्या चौमूंला गेले होते. बसस्टँडमागं महायुद्धाच्या वेळच्या लष्करी मोटरसायकलींचे सांगाडे पडले होते. एजंट पॉलिसीचं बोलत होता आणि परुळेकर एका सांगाड्यापाशी उकिडवे बसले होते. त्याचा कार्बुरेटर शाबूत होता. नख फिरवून पाहिलं, कुठं अडलं नाही. तोंडाचं माप जवळपास तेच, फक्त बोल्टांची भोकं जुळत नव्हती. त्यांनी तो तिथंच सोडवून घेतला.

घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं होतं, की हा बसला तर बोट चालेल, आणि बोट चालली तर तिच्यात बसावं लागेल. त्यांना आणि त्या बिचाऱ्या ठाकुरांनाही. नाही बसवला तर कुणाचं काहीच बिघडणार नव्हतं. यावर त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग दुसऱ्या दिवशी एका लेथवाल्याकडं जाऊन, दोन्हीकडची भोकं जुळतील अशी ॲल्युमिनियमची जाड चकती करून घेतली. जेटं बदलून, सुई वरखाली करून मिश्रण जमायला पावसाळा उजाडला. जुन्या कार्बुरेटरची पेट्रोलची चाळणी आणि नळी त्यांनी तशीच ठेवली, ती उत्तम होती म्हणून.

तलावावर जायच्या आधी ते ठाकूरसाहेबांच्या हवेलीवर गेले.

"चालेल का?" ठाकूरसाहेबांनी विचारलं.

"चालेल, असं वाटतं."

"तापल्यावरसुद्धा?"

"तापल्यावरसुद्धा. मला माफ करा."

ठाकूरसाहेबांनी बराच वेळ हुक्का ओढला. "तुम्ही बरोबर बसाल?"

"बसेन."

"मग चला," ठाकूरसाहेब म्हणाले.

बोट चालली. तलावाच्या पार टोकाला जाऊन, न थांबता परत आली. मंडळाच्या वार्षिक सभेत डॉक्टर आगाश्यांनी सांगितलं की आपण पहिल्यापासून म्हणत होतो, कार्बुरेटर बदलला आणि प्रश्न सुटला. प्राध्यापकांनी उभं राहून दाखवून दिलं की चाळणी जुनी, नळी जुनी, आणि जो बसवलाय तोही जुनाच, तेव्हा याला दुरुस्तीच म्हणतात. दोन्ही बाजूंनी परुळेकरांना हार घातला. कोणाचं खरं, असं कोणीतरी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "इंजिन गार असताना दोघांचंही." हे वाक्यही लोकांना फार खोल वाटलं. परुळेकरांना त्यातून काहीच म्हणायचं नव्हतं, ते त्या वेळी हारातल्या फुलांतून गॅस्केटला लागणारा दोरा निघेल का ते बघत होते.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं दर रविवारी अध्यक्ष आणि नौका-प्रमुख पहिली फेरी मारत. दोघं ताठ बसत, समोर बघत, आणि काठाला लागले की एकमेकांकडं न बघता हात पुसत. भीती काही गेली नाही. पण इंजिनाचा सूर एका लयीत लागला, की परुळेकरांचा चेहरा असा उजळे, की ठाकूरसाहेब फळीवरचा एक हात सोडून मिशीवर ठेवत.

मग लागोपाठ पाऊस रुसला. तलावाचं पाणी काठ सोडून मागं गेलं, भेगाळलेल्या चिखलावर बोट तशीच टेकून राहिली, आणि डॉक्टरांनी जलविहार मंडळाचं तूर्त क्रिकेट मंडळ केलं. परुळेकर तरीही अधूनमधून रामगढला जात. पेट्रोल आत राहिलं की चिकटतं, जेटं बुजतात, म्हणून कार्बुरेटर उघडून पुसून ठेवत. ठाकूरसाहेब जीपमधून त्यांच्याबरोबर येत आणि येताना थर्मासभर चहा आणत.

काम झालं की दोघं बोटीत बसत. खाली कोरडी जमीन, चहूकडं बाभळी आणि लांब कुठंतरी पाण्याची रेघ. ठाकूरसाहेब टेकून बसलेले, पाय पसरलेले, साफा काढून मांडीवर ठेवलेला.

"परुळेकरजी, तुमच्याकडच्या वादळाचं सांगा एखादं," ते म्हणत.

परुळेकर कपात चहा ओतून घेत आणि सांगायला लागत.